लिफ्टची पहिली फेरी

"मग माझ्या गुडघ्यांचा घसारा कोण देतं रे, निशिकांत?"

एवढं विचारून इंदूकाकूंनी हातातलं नाव घालायचं यंत्र बंद केलं. घरघर थांबली. त्यांच्या मांडीवर पितळेचा डबा होता आणि त्यावर 'चि. सौ. कां.' इथपर्यंत अक्षरं उमटली होती. मी बासष्ट पायऱ्या चढून नुकताच त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात टेकलो होतो आणि मलाच धाप लागली होती.

"गुडघ्यांना घसारा नसतो, काकू. यंत्रांना असतो."

"का? माझे काय कमी वापरलेत? लग्न होऊन आले तेव्हापासून हा जिना चढतेय-उतरतेय. पस्तीस वर्षं. तुझ्या त्या एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्तच भरतील."

पाटावर बसून सुपारी कातरणारे वासुदेवकाका हसले. "तिच्याशी वाद घालू नका, निशिकांतराव. मी पस्तीस वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. बार्शीत झरकरांचं भांड्यांचं दुकान होतं, अजूनही आहे. इमारत म्हणजे बोळासारखी अरुंद आणि उंच. खाली दुकान, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर माल आणि तिसऱ्यावर हे नवरा-बायको. मुलगी लग्न होऊन लातूरला. जिना इतका चिंचोळा आणि वळणाचा की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. काकू पूर्वी दुकानात गल्ल्यावर बसायच्या. खेड्यापाड्यातल्या बायका भांडी घ्यायला आल्या की "नाव काकूच घालणार ना?" हे आधी विचारायच्या, मग भाव विचारायच्या. अक्षर तसंच होतं. पण त्याच्या दोन वर्षं आधी गुडघे गेले आणि काकूंचं खाली येणं बंद झालं. तेव्हापासून हणमंत नावाचा दुकानातला जुना माणूस भांडी वर न्यायचा, काकू नावं घालायच्या आणि भांडी परत खाली यायची. माणूस तेवढं वर राहायचं.

म्हणून काकांनी लिफ्ट घेतली. नऊ लाखांची, अर्ध्याहून जास्त कर्ज काढून. बँकेला त्यांनी सांगितलं मालासाठी आणि मलाही सांगितलं मालासाठी. "मालासाठी आहे ती," असं म्हणताना त्यांची नजर हमखास वर, तिसऱ्या मजल्याकडे जायची. कुणाला काय कळायचं ते कळत होतं. माल न्यायला हणमंत होताच की.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. ज्यांच्याकडे उमेदवारी केली त्या वकिलांना सोडून सहा महिने झाले होते. भाड्याची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दारावर 'करसल्लागार' अशी पाटी, एवढा माझा पसारा. झरकर हे माझं पहिलं भरवशाचं गिऱ्हाईक. आपण किती हुशार आहोत हे त्यांना दाखवायची मला फार घाई झाली होती. त्या दिवशी मी तेच दाखवायला वर चढलो होतो.

"काकू, पुन्हा सांगतो, नीट ऐका. यंत्र घेतलं की ते झिजतं. दरवर्षी त्या झिजेचा ठरावीक हिस्सा तुमच्या उत्पन्नातून वजा करता येतो, तेवढा कर कमी. लिफ्टला पंधरा टक्के. पण पहिल्या वर्षी यंत्र एकशे ऐंशी दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर त्याच्या अर्धाच घसारा मिळतो. म्हणजे तीन ऑक्टोबरच्या आत लिफ्ट वापरात आली पाहिजे."

"आणि दसरा कधी आहे?"

"नऊ तारखेला."

"मग दसऱ्यालाच सुरू होणार."

"सहा दिवसांसाठी अर्ध्या घसाऱ्यावर पाणी सोडायचं?"

"आज काय आहे माहीत आहे का तुला? पितृपंधरवडा लागलाय. या दिवसांत कुणी नवं यंत्र सुरू करतं का?"

"तो एकोणतीस तारखेला संपतो. घटस्थापनेला करा."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून शाळेतच आहे. "आमच्या घरात घट बसले की हातोडा, छिन्नी, हे माझं नावाचं यंत्र, सगळं देवीपुढं ठेवतात. नऊ दिवस कशाला हात नाही. दसऱ्याला पूजा करून उचलायचं. मग नव्या यंत्राला नऊ दिवस आधीच कामाला कसं जुंपायचं? देवी काय म्हणेल?"

"देवीला घसाऱ्याचं समजावून सांगू."

"तू मलाच समजावलंस तेवढं पुरे झालं." त्या हसल्या. मग पदराने डब्यावरचा पितळेचा भुगा पुसत म्हणाल्या, "अर्धा तर अर्धा. अर्धाच घे. दसऱ्याला मी खाली येणार, गल्ल्यावर बसणार. हातांची खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय यांनी. तू पेढे घेऊन ये."

मी तासभर आणखी खिंड लढवली. आकडे मांडले, कागदावर वजाबाक्या करून दाखवल्या, वीसेक हजारांचा कर वाचतो म्हणून सांगितलं. काका नुसते काकूंकडे बघत राहिले. शेवटी मी हात टेकले आणि उतरलो. खाली वीज जोडणारे दोघे लिफ्टच्या दाराशी वायरी ओढत होते. वरून पुन्हा यंत्राची घरघर ऐकू येत होती. काकूंना मी त्यानंतर पाहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मी पंढरपूरकडे एका गिऱ्हाइकाच्या कामाला गेलो होतो, तिथे फोन आला. झरकर काकू गेल्या. दुपारी जेवण झाल्यावर छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी परत आल्यावर दिवसकार्याला जाऊन आलो. काका भिंतीला टेकून बसले होते. मी "काळजी घ्या" म्हणालो. दुसरं काय बोलणार? त्या नेमक्या कुठल्या दिवशी गेल्या, खाली कशा आणल्या, कुणी आणलं, यातलं मी काहीही विचारलं नाही. असल्या ठिकाणी चौकशा करू नयेत, असं मला वाटायचं.

दसऱ्याला लिफ्ट सुरू झाली. हार नाही, पेढे नाहीत. काकांनी एकट्याने लिफ्टला कुंकू लावलं आणि हणमंताने पातेल्यांची पहिली चळत वर नेली, असं मागाहून कळलं.

पुढच्या वर्षी विवरणपत्र भरायची वेळ आली. मी दुकानात गेलो. "काका, लिफ्ट वापरात कधी आली?"

"दसऱ्याला."

"नक्की? आधी एकदाही चालली नाही?"

काकांची नजर लिफ्टच्या दाराकडे गेली. "दसरा," ते म्हणाले. "अर्धाच घ्या. ती म्हणाली होती ना."

मला कीव आली. वाटलं, हा माणूस अजून बायकोच्या पितृपंधरवड्यात अडकून पडलाय आणि हक्काचे पैसे सोडतोय. त्यांच्या फाइलमध्ये लिफ्टच्या कंपनीचा कागद होता: चाचणी पूर्ण, यंत्र ताब्यात दिलं, बावीस सप्टेंबर, सोमवार. माझे डोळे चमकले. मी मागच्या बाजूला भांड्यांना गवत गुंडाळत बसलेल्या हणमंताकडे गेलो.

"हणमंता, खरं सांग. पितृपंधरवड्यात लिफ्ट चालली होती का?"

त्याने हातातलं गवत खाली ठेवलं. "चालली की, सर. एकदाच."

"कधी?"

"बुधवारी."

"चोवीस तारखेला?"

"तारीक मला काय ठावं. बुधवार हुता."

एवढं सांगून तो खाली मान घालून पुन्हा गवताला लागला. एखादा जरा थांबला असता, "कशाला चालवली रे?" असं विचारलं असतं. मी नाही विचारलं. मला तारीख हवी होती, ती मिळाली होती. काकू कुठल्या वारी गेल्या, हा विचारही माझ्या मनात आला नाही. मी विवरणपत्रात 'वापरात आल्याची तारीख २४ सप्टेंबर' असं लिहिलं, पूर्ण घसारा लावला आणि काकांपुढे कागद ठेवले. त्यांनी न वाचता सह्या केल्या. त्या काळात ते काहीच वाचत नसत. आपण या भोळ्या माणसाचं भलं केलं, म्हणून मी घरी जाऊन चहाबरोबर दोन भजी जास्त खाल्ली.

वर्षभराने नोटीस आली. लिफ्टचा सरकारी परवाना सहा ऑक्टोबरचा, मग ती चोवीस सप्टेंबरला वापरात कशी आली, याचा पुरावा द्या. नाही तर जादा घसारा रद्द, वर चुकीची माहिती दिली म्हणून दंड. दंड भरावा लागला असता काकांना, पण बार्शीच्या बाजारपेठेत नाव जाणार होतं दोघांचं. काकांचं म्हणजे चाळीस वर्षं एका भावाने माल विकणाऱ्या माणसाचं नाव. 'झरकरांनी खोटी तारीख लावली' हे वाक्य मला झोपू देईना.

मी पुन्हा हणमंताला गाठलं आणि या वेळी मुद्रांकाचा कागद लिहूनच नेला. 'दिनांक २४ सप्टेंबर रोजी सदर लिफ्टमधून मी स्वतः दुकानातील माल वरील मजल्यावर नेला.' वाचून दाखवला.

हणमंत चाचरला. "सर, मालाचं म्हंताय?"

"लिफ्ट त्या दिवशी चालली ना?"

"चालली."

"तू होतास ना?"

"हुतो."

"मग? लिफ्टमध्ये आणखी काय जाणार? काकांवर दंड बसावा असं वाटतं का तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने अंगठा उठवला. त्याची ती नजर मी तेव्हा भित्रेपणाची समजलो.

सुनावणी सोलापूरला होती. काका आणि मी सकाळच्या एसटीने निघालो. काकांनी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि जुना कोट घातला होता. वाटेत मी त्यांना म्हणालो, "तुम्ही फक्त 'हो' म्हणा. लिफ्ट चोवीसला चालली, हो. बाकी मी बघतो."

"चोवीसला?" काकांनी विचारलं.

"हणमंताने सांगितलं मला."

काकांनी खिडकीकडे तोंड केलं. वाटेतलं वैराग गाव येईपर्यंत ते बाहेरच बघत होते. मग म्हणाले, "तुम्हाला सांगितलं त्यानं?"

"हो."

"बरं." मला वाटलं, पटलं त्यांना.

अधिकारी पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि काकांना म्हणाले, "तुमचा जबाब शपथेवर आहे. जे असेल ते सांगा. चोवीस सप्टेंबरला लिफ्ट चालली?"

"चालली," काका म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी फाइलमधून हणमंताचा कागद काढून टेबलावर सरकवला. "साहेब, हा पुरावा."

तो कागद अधिकाऱ्यांच्या हाती जाण्याआधी काकांनी उचलला. चष्मा चढवला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"माल नेला असं लिहिलंय यात," ते म्हणाले.

"काका, ते नुसतं..."

"माल नव्हता, साहेब." त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती मुठीत धरली. "त्या दिवशी लिफ्ट एकदाच चालली. वरून खाली. तिच्यात माझी बायको होती."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. काका टेबलाच्या कडेकडे बघत बोलत राहिले, कुणाला तरी हिशोब देत असल्यासारखे.

"सोमवारी कंपनीचा माणूस चाचणी घेऊन गेला. लिफ्ट तयार होती. मंगळवारी हिला धाप लागायला लागली. मी म्हणालो, चल, डॉक्टरला दाखवू. म्हणाली, जिना नको हो मला. मी म्हणालो, मग लिफ्टनं चल. तर म्हणाली, पितृपंधरवड्यात नको, दसरा झाला की जाऊ. मी पुन्हा म्हणालो नाही. तिचं सगळं ऐकायचो ना मी. तेही ऐकलं. नुसतं बटण दाबायचं होतं, साहेब. दोन दिवस ते बटण माझ्या समोर होतं."

"पाणी घ्या," अधिकारी म्हणाले.

काकांनी पाणी घेतलं नाही. "बुधवारी दुपारी जेवण झालं नि छातीत कळ आली. जिन्यावरून कशी उतरवणार? मी नि हणमंतानं खुर्चीसकट उचलून तिला लिफ्टमध्ये ठेवली. दसऱ्यासाठी आणलेली खुर्ची. तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. लिफ्ट खाली यायला लागली तसा माझा हात धरला तिनं, म्हणाली, 'अहो, पितृपंधरवडा आहे.' मी म्हणालो, असू दे. खाली दार उघडलं. दोन वर्षांनी दुकान बघितलं तिनं. सगळीकडे बघितलं नि म्हणाली, 'हंडे मागं का सारलेत? पुढं उजेडात घ्या की.' हणमंत म्हणाला, घेतो काकू. रिक्षा चौकापर्यंत पोचली असेल. मी हाक मारली तर..."

टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

चोवीस सप्टेंबर. ज्या दिवशी काकू गेल्या तो दिवस मी पंधरा टक्क्यांसाठी वापरला होता. त्यांच्या शेवटच्या फेरीत मी पातेली भरली होती, आणि ज्या माणसाने त्या खुर्चीचा एक हात धरला होता त्याच्याकडून त्यावर अंगठा घेतला होता.

मग अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "झरकर, तुमच्या पत्नी दुकानाचं काम करायच्या, नाही का? भांड्यांवर नावं घालायच्या. त्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि माल कसा मांडायचा ते त्यांनी सांगितलं. दुकानाच्या माणसाची दुकानात ये-जा म्हणजे धंद्याचाच वापर. तुम्ही तसा जबाब दिलात तर मी ती तारीख धरीन. पूर्ण घसारा मिळेल. दंडाचा प्रश्नच येणार नाही."

मी काकांकडे बघितलं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

"नको, साहेब," काका म्हणाले. "तुमचे उपकार आहेत. पण ती फेरी यात नको. ती धंद्याची नव्हती. दंड काय असेल तो लावा." मग थांबून म्हणाले, "अर्धाच घ्या. तिनं तसंच सांगितलं होतं."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. अर्धा घसारा कापला, तेवढा कर आणि व्याज लावलं. दंड लावला नाही. "सल्लागाराच्या समजुतीत चूक झाली, असं लिहितो," म्हणाले. माझ्याकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं. त्या एका वाक्यात त्यांनी मला वाचवलं आणि माझी लायकीही सांगितली. हणमंताचा कागद काकांच्या मुठीतच राहिला होता. बाहेर आल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे फाडून टाका. आणि हणमंताला काही बोलू नका. त्याला वाटलं असेल, मीच सांगितलंय म्हणून."

परतीच्या एसटीत मी तो कागद फाडला आणि तुकडे खिशात कोंबले. काका डोळे मिटून बसले होते. जागे होते हे कळत होतं.

बार्शीला उतरलो तेव्हा दुकान उघडं होतं. आत शिरताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, पितळी हंडे अगदी पुढे, दारातल्या उजेडात मांडलेले होते. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारून ये-जा करत होतो.

काका लिफ्टच्या दाराशी गेले. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात एक तांब्याचा तांब्या ठेवला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"मंगळवारी घातलं तिनं हे. धाप लागत होती तरी घातलं. दसऱ्याच्या पूजेला हाच घ्यायचा म्हणाली."

तांब्याच्या गळ्याखाली गोल फिरवून अक्षरं कोरलेली होती: 'लिफ्ट सुरू. दसरा, शके १९३०. सौ. इंदुमती वासुदेव झरकर.' ते प्रसिद्ध अक्षर. फक्त शेवटच्या आडनावाशी यंत्र थोडं घसरलं होतं आणि 'र' ची शेपटी लांब गेली होती.

"तुम्ही तारीख विचारलीत तेव्हा मी दसरा म्हणालो, ते यासाठी," काका म्हणाले. "खोटं बोलायचं म्हणून नाही. तिनं लिहून ठेवलेली तारीख हीच आहे. मला दुसरी लावता येत नाही."

मला ते सोसेना. "काका, मी त्या दिवशी वर आलो होतो. तासभर बसलो होतो काकूंसमोर. त्या स्वतः गुडघ्यांचं बोलल्या आणि मी हसण्यावारी नेलं. अर्ध्या घसाऱ्यासाठी भांडलो मी. लिफ्ट लवकर सुरू करा, तुम्हाला डॉक्टरकडे जाता येईल, मोकळ्या हवेत येता येईल, असं एकदा जरी म्हणालो असतो... ते ऐकलं असतं त्यांनी. पैशांचं ऐकणाऱ्या नव्हत्याच त्या."

"असू दे, निशिकांतराव." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही टॅक्सचं बघायला आला होतात. तिच्याकडं बघायला मी होतो."

त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला, कोटाच्या बाहीने पुसला आणि परत कोनाड्यात ठेवला. तेव्हा मला रडू आलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, हणमंत होता, पण आवरलं नाही. हणमंत उठून बाहेर गेला.

काका वर जायला निघाले. सत्तरीला आलेला माणूस, दिवसभर एसटीने हिंदकळलेला. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं होतं, आतला दिवा लागलेला होता. ते तिच्यावरून जिन्याकडे वळले.

"लिफ्टने जा ना, काका. दमलात."

त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कठडा धरला. या वेळी त्यांची नजर वर गेली नाही.

"ती मालासाठी आहे," ते म्हणाले आणि चढायला लागले.

मी खाली उभा राहून त्यांची पावलं ऐकत होतो. वळणाशी ती थांबली. दम खाऊन झाला असेल, मग पुन्हा सुरू झाली. वरचं दार वाजेपर्यंत मी तिथेच उभा होतो.